आपलाच काळा दगड

जुना जालना
१६ डिसेंबर २०२४

गंधाली बाळा,

पोचले. फोनवर नुसतं "पोचले" एवढंच म्हणता आलं, कारण तुझे बाबा समोर पेपर वाचत बसले होते. त्यांच्या लेखी मी मावशीबरोबर बनशंकरीच्या दर्शनाला गेले होते. तुझ्याकडं येता येता दर्शन घेतलंच की, ते काही खोटं नाही. बाकीचे दिवस कुठं होते ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. प्रसाद हातात घेतला, "गर्दी होती का?" म्हणाले, झालं. तू पुण्याची नोकरी सोडून बदामीला लोकांना दगड चढायला शिकवायला गेलीस, तेव्हापासून ह्या घरात तुझं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढतो. म्हणून पत्र लिहिते आहे.

माझे हात अजून दुखतात आणि मला ते दुखणं आवडतंय. काल भाकरी थापताना बोटांची टोकं चुरचुरली तर मी ओट्यापाशी एकटीच हसले. रिटायर झालेली बाई, गुडघ्यांना तेल लावणारी!

तो तांबडा दगड डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळच्या उन्हानं कोमट झालेला, खरखरीत, पण बोचत नाही. आणि बरोबर जिथं हात जाईल तिथं एक कंगोरा, कुणी आपल्यासाठी कोरून ठेवल्यासारखा. तू खालून दोर धरून ओरडत होतीस, "आई, दगडाला मिठी मारू नकोस, पायांवर उभी राहा." उभी राहिले, आणि खरंच हात हलके झाले. वर पोचल्यावर मी रडले, ते तुला वाटलं घाबरून. अगं, एवढा आनंद ह्याच्या आधी कधी झाला होता ते आठवेना, म्हणून रडू आलं.

हंपीचा ग्रॅनाइट मात्र नाही आवडला, उगीच कशाला आवडला म्हणू. धरायला काहीच नाही. म्हशीच्या पाठीवर चढल्यासारखं वाटतं. तू म्हणालीस, इथं हात रिकामेच राहतात, बुटाच्या तळव्यावर भरवसा टाकला की मजा येते. मला नाही टाकता आला. घसरले आणि गुडघा सोलला. तुझ्या त्या केरळच्या मैत्रिणीला म्हणे तोच दगड सगळ्यांत प्यारा. ती वर जाऊन गाणं म्हणत होती आणि मी खाली गुडघ्यावर फुंकर घालत होते.

बसमध्ये बसवताना तू दोनदा बजावलंस ते लक्षात आहे. "इथं चढलीस म्हणून आपल्याकडं कुठं चढायला जाऊ नकोस. आपला काळा दगड थराथरांचा. वरून घट्ट दिसतो आणि हातात येतो. दोर आणि जाणतं माणूस असल्याशिवाय हातसुद्धा लावायचा नाही." मी म्हटलं, मी काय वेडी आहे का ह्या वयात!

दुर्गाबाईंच्या शाळेची मुलं जानेवारीअखेर तुझ्याकडं येणार, ह्याचा मला फार आनंद आहे. आपल्या जालन्याची पहिलीच शाळा. त्यांच्यासाठी तू छोटे छोटे बूट गोळा करत होतीस ते मी पाहिलंय.

मी इथं अजून कुणाला काही बोलले नाही. फोटो मात्र रोज दुपारी काढून बघते.

तुझी,
डोंगर चढून आलेली आई


६ जानेवारी २०२५

गंधाली,

काल तुझा फोन येऊन गेलेला दिसला. गडबडीत होते.

इकडं थंडी बरी आहे. काल आम्ही बायका हुरडा खायला गेलो होतो, अंबडच्या पुढं, मनीषाच्या शेतावर. मनीषा म्हणजे माझ्या ऑफिसातली, माझ्यानंतर माझ्या टेबलावर बसते ती. दुर्गाबाईही होत्या. हुरडा छान होता, दही, गूळ, शेंगदाण्याची चटणी, सगळं मनीषाच्या सासूबाईंनी, जयवंताबाईंनी केलेलं.

जयवंताबाईंच्या हाताला जरा लागलं. टेकडीवरून दगड आला. तिकडं दगड सुटतच असतात म्हणे.

कुणी काही सांगितलं तर लगेच मनावर घेऊ नकोस. लोक तिखटमीठ लावून सांगतात. आणि हल्ली मोबाइलवर काहीही फिरतं.

मी बरी आहे. खांदा थोडा धरलाय, थंडीनं असेल.

आई


११ जानेवारी

गंधाली,

परवा तू फोनवर एकच प्रश्न विचारलास आणि मी "नाही" म्हटलं. त्यानंतर तू फोन उचलत नाहीस. मेसेजही जात नाही.

व्हिडिओ तू पाहिला असशीलच, साऱ्या जालन्यानं पाहिलाय. मोतीबागेत फिरायला गेले तर एक ओळखही नसलेला माणूस बायकोला कोपरानं ढोसून म्हणाला, "ह्याच त्या." मी तशीच परत फिरले.

तर जे झालं ते सांगते. मीच चढले होते. हुरडा खाऊन झाल्यावर मी बायकांना तुझ्याकडचे फोटो दाखवले. एवढे दिवस दाबून ठेवलं होतं, त्या दिवशी राहवलं नाही. दुर्गाबाई चष्मा वर करून म्हणाल्या, "नीलाताई, खाली उभं राहून काढलाय ना हा?" सगळ्या हसल्या. मीही हसले. पण मला ते लागलं. मनीषाच्या शेतामागं टेकडीची एक उभी कपार आहे, काळी. मी म्हटलं, थांबा, दाखवतेच.

पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मनात काय आलं माहीत आहे? हा तर आपलाच दगड. ह्याच दगडाच्या पाट्यावर मी जन्मभर चटणी वाटली, ह्याच्याच जोत्यावर लहानाची मोठी झाले. परक्या मुलखातला दगड मला धरून ठेवतो, तर हा का नाही धरणार? आणि खरंच, सुरुवातीला पायऱ्यांसारखे कंगोरे होते. बायका खालून टाळ्या वाजवत होत्या, एकीनं व्हिडिओ काढायला मोबाइल धरला होता. मला मजा मात्र येत नव्हती, गंधाली. बदामीला हात आपोआप पुढं जात होता. इथं प्रत्येक कंगोऱ्यावर माती, सुकलेलं गवत, आणि दगड हाताला गार, मुका लागत होता. तिथंच उतरायला हवं होतं. पण टाळ्या चालू होत्या.

जयवंताबाई आगटीपाशी बसल्या होत्या. त्या उठून कपारीखाली आल्या आणि ओरडल्या, "ओ बाई, उतरा खाली! शेळ्या बी जात न्हाईत तिकडं!" मी मान वळवून त्यांना हात केला. दुसऱ्या हातात जो दगड होता तो ड्रॉवर ओढावा तसा बाहेर आला.

मी कशी टिकले मला माहीत नाही. दगड खाली गेला. त्यांनी डोकं वाचवायला हात वर केला आणि तो मनगटावर बसला. तो आवाज व्हिडिओत नाही. मला ऐकू आला होता.

मग मला ना वर जाता येईना ना खाली. मनीषाचा नवरा, रायभान, आधी आईकडं धावला. मग तिला बायकांच्या हवाली करून दोर घेऊन टेकडीला वळसा घालून वर आला. "हलू नका बाई. म्या येऊन राह्यलो वरून." त्यानं मला पोत्यासारखं वर ओढलं. माझा ड्रेस ओला झाला होता. व्हिडिओत तेही दिसतं म्हणतात. मी पाहिलेला नाही.

जयवंताबाईंचं मनगट मोडलं. दोन ठिकाणी.

शाळेची ट्रिप रद्द झाली हे मला तुझ्याकडूनच कळलं. दुर्गाबाईंचा काहीतरी गैरसमज झालाय. मी त्यांच्याशी बोलेन. फोन घे.

आई


१७ जानेवारी

गंधाली,

दुर्गाबाईंचा गैरसमज झालेला नाही.

काल मी जयवंताबाईंना भेटायला गेले होते. इतके दिवस नुसते मनीषाला फोन करत होते, जायचा धीर होत नव्हता. अंबडच्या बसमध्ये बसले आणि मध्येच उतरून परत जावं असं दोनदा वाटलं. त्या ओसरीवर बसल्या होत्या, हात गळ्यात. शेळ्या ओरडत होत्या. धार काढायला त्यांना जमत नाही आणि मनीषाच्या हातानं त्या पान्हवत नाहीत. मनीषानं पाणी खाली ठेवलं, हातात दिलं नाही. पूर्वी मला "ताई, ताई" करून ऑफिसभर मागं हिंडणारी मुलगी.

जयवंताबाई मला म्हणाल्या, "तुमचा काय कसूर बाई. तुमच्या लेकीनंच भरीला घातलं तर तुमी तरी काय करताल. म्या तिला रोज शिव्या द्यायले, खोटं कशाला बोलू. म्हाताऱ्या मायला कड्यावर चढवायली, कसली पोर म्हनावं ही! देव बघून घेईल तिला."

रोज, गंधाली. तुटक्या हाताची कळ आली की एक म्हातारी बाई तुझ्या नावानं तळतळाट देते, आणि तुला ती ओळखतही नाही.

तेव्हा आता जे सांगायचं राहिलं ते सांगते. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही उभ्या होतो. आत जयवंताबाई कण्हत होत्या. रायभान माझ्यासमोर भिंतीला टेकून उभा होता. माझ्याकडं बघत होता. दुर्गाबाईंनी विचारलं, "नीलाताई, हे खूळ तुमच्या डोक्यात घातलं कुणी?" आणि मी म्हटलं, "गंधालीनं. ती म्हणाली, आता तू कुठल्याही दगडावर चढू शकतेस, काही होत नाही."

हे वाक्य मी म्हटलं. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. तू बसच्या खिडकीशी उभी राहून जे सांगितलं होतंस, त्याच्या अगदी उलटं. ते मला आठवत होतं, बोलतानाही आठवत होतं. रायभानची नजर माझ्यावरून हलावी एवढंच मला तेव्हा हवं होतं. ती हललीसुद्धा. सगळ्या एकदम "अगं बाई, पोटची पोर!" म्हणायला लागल्या आणि कुणीतरी माझ्यासाठी चहा आणला. तो मी प्यायले.

घरी तुझे बाबा व्हिडिओ बघून म्हणाले, "पोरीनं दिवे लावले." मी तेव्हाही गप्प बसले. तू फोनवर विचारलंस, "आई, तू असं म्हणालीस?" तेव्हा तुझ्याशीही खोटं बोलले. दुर्गाबाईंनी तेच माझं वाक्य ऐकून मुलं पाठवायला नकार दिला. त्यांच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. स्वतःच्या आईला जी असं सांगते तिच्या हवाली कोण पोरं करील?

काल ओसरीवर मी जयवंताबाईंना खरं सांगितलं. त्यांना आधी कळेना. मग म्हणाल्या, "तिनं नको म्हनलं व्हतं व्हय?" मी मान हलवली. त्यांनी गळ्यातला हात सावरला. म्हणाल्या, "मंग म्या हितं बसून कुनाला शिव्या देत बसले?" आणि तोंड फिरवून घेतलं. मला त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. रायभाननं मला फाट्यापर्यंत मोटारसायकलवर सोडलं. उतरल्यावर म्हणाला, "बाई, इथं सांगून भागत न्हाई. तिकडं जालन्यात सांगा." गाडी वळवून गेला.

तुझ्यापुढं हे लिहायला मला इतके दिवस लागले. सहा तारखेच्या पत्रातच खरं लिहिलं असतं तर ट्रिप वाचलीही असती.

नीला
(आई लिहायला आज हात धजत नाही.)


२६ जानेवारी

गंधाली,

काल शाळेत पालकसभा होती. तुझ्या ट्रिपचे पैसे परत करण्याबद्दलच होती. मी दुर्गाबाईंना आधी घरी जाऊन भेटले. त्या दारातच म्हणाल्या, "मला सांगितलंत, बरं झालं. पण पालकांना मी कशी समजावू?" मी म्हटलं, मीच सांगते.

सभेला निघण्याआधी तुझ्या बाबांना सांगितलं. बनशंकरीपासून सगळं. बदामी, हंपी, तू काय बजावलंस, मी व्हरांड्यात काय बोलले. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग विचारलं, "थर म्हणाली ती? तिनं स्वतः म्हटलं, आपला दगड थराथरांचा?" मी हो म्हटलं. म्हणाले, "धरणाच्या पायाला खोदताना आम्हीसुद्धा वरचा थर काढून टाकायचो. वरून लोखंड, खाली मुरूम. अख्खी नोकरी त्यातच गेली माझी." मग म्हणाले, "मला वाटायचं, ही नुसती उड्या मारते." एवढं बोलून कपडे बदलायला आत गेले. सभेत ते सगळ्यांत मागच्या बाकावर बसले होते.

मला वाटलं होतं, माफी मागायची म्हणजे उभं राहून चार वाक्यं बोलायची. पण मी पुढं गेले आणि पहिल्या रांगेतली एक बाई शेजारणीच्या कानाला लागली, दोघींनी तोंडाला पदर लावला. त्यांनी व्हिडिओ पाहिला होता. टेबल धरून उभी राहिले.

मी सांगितलं की माझ्या मुलीनं मला दोर बांधून, टोपी घालून, स्वतः खाली उभं राहून तांबड्या दगडावर चढवलं. हंपीला मला जमेना तेव्हा तिनं हट्ट केला नाही, खाली उतरवलं. इथल्या दगडाला हात लावायचा नाही असं तिनं मला दोनदा सांगितलं होतं. मी टाळ्यांसाठी चढले, एका बाईचा हात मोडला, आणि नंतर मी मुलीवर ढकललं.

मग मागून एक गृहस्थ उठले, मोंढ्यात त्यांची धान्याची आडत आहे. म्हणाले, "ते सगळं ठीक आहे बाई. पण तुम्ही आई आहात, तुम्ही तिची बाजू घेणारच. तेव्हा खोटं बोललात, आता खरं बोलताय कशावरून? ती पोरांना बराबर सांभाळील ह्याची काय ग्यारंटी?"

त्यांचं चुकलं नव्हतं. माझ्या शब्दाची तेवढीच किंमत उरली होती. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण तिनं मला नाही म्हटलं होतं. सख्ख्या आईला, आई खुशीत असताना, तिनं नाही म्हटलं. मी तिचं ऐकलं असतं तर आज ही सभा झाली नसती."

ते बसले. पटलं की नाही माहीत नाही.

ट्रिप ह्या वर्षी होणार नाही. रिझर्व्हेशनं रद्द झालीत, पुढं परीक्षा आहेत. दुर्गाबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. "बघू" म्हणजे काय ते तुलाही कळतं. सभा सुटल्यावर तिघीजणी माझ्याकडं आल्या. दोघींनी तुझा नंबर घेतला. तिसरी व्हिडिओबद्दल विचारायला आली होती.

घरी आल्यावर बाबा खुर्चीत बसले. टीव्ही लावला नाही.

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते. बघते आहे.

आई


१२ मार्च

गंधाली,

काल तुझा मेसेज आला. इतक्या दिवसांनी तुझं नाव मोबाइलवर दिसलं तर मला आधी चष्माच सापडेना. तू लिहिलंस, "त्या आजींचा हात कसा आहे?" बाकी काही नाही. "आई" असंही नाही. मेसेजवर उत्तर द्यायला गेले आणि एका ओळीत मावेना, म्हणून हे.

प्लास्टर निघालं. मनगट थोडं वाकडं बसलंय. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पुरतं मिटत नाही. डॉक्टर म्हणतात, व्यायाम केला तर बराच फरक पडेल, पण पहिल्यासारखं होईलच असं नाही. मी दर रविवारी जाते. कोमट पाण्यात त्यांचा हात धरून बोटं उघडते, मिटवते. पहिल्यांदा त्यांनी हात ओढून घेतला होता. आता घेत नाहीत. बोलतात कमी. मनीषा चहा ठेवते, स्वतः आत निघून जाते.

गेल्या रविवारी त्यांनी शेळीची धार काढून बघितली. भांड्यात थोडं आलं, बाकी जमिनीवर. त्या म्हणाल्या, "आंगठा बराबर हाय. बोटंच ऐकंनात." मग मला विचारलं, "तुमची लेक बोलली का तुमाला?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "न्हाई बोलायची मंग येवढ्यात," आणि दुसऱ्या हातानं धार काढायला लागल्या.

तू त्यांच्यासाठी विचारलंस, माझ्यासाठी नाही, हे मला कळतं. ह्या रविवारी गेले की त्यांना सांगेन, गंधालीनं तुमचा हात विचारलाय. तुझं नाव त्यांच्या कानावर निदान एकदा तरी बरं म्हणून पडेल.

बोटांचं कसं होतंय ते दर आठवड्याला कळवत जाईन. तू विचारलं नाहीस तरी.

आई